पीसी अचानक बंद पडतो आणि तापमान बघणारे दोन-तीन प्रोग्राम सोबत चालू आहेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री उशिरा फोन येतो: "रेंडर ऐंशी टक्क्यांवर होता आणि मशीन फटकन बंद झालं." मी पहिलं विचारतो, तापमान बघायला काय काय टाकलंय? बऱ्याचदा उत्तरात तीन नावं येतात. एक मदरबोर्डच्या कंपनीचं, एक मित्राने सुचवलेलं, आणि एक रॅमचे दिवे रंगवायला टाकलेलं, जे गुपचूप तापमानही वाचत असतं. मशीन तापतंय या भीतीपोटी माणूस आणखी एक प्रोग्राम टाकतो आणि दुखणं वाढतं. दर उन्हाळ्यात तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय.

तापमान नुसतं बघितल्याने मशीन बंद कसं पडेल? बघण्याने काही बदलत तर नाही ना?

बदलतं. सगळा घोळ इथेच आहे, म्हणून याचं उत्तर जरा लांबवतो.

डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर सुपर आयओ नावाची एक छोटी चिप असते, बहुतेक वेळा नुव्होटॉन किंवा आयटीई कंपनीची. पंख्यांचा वेग, बोर्डावरची तापमानं, व्होल्टेज हे सगळं तिच्याकडे असतं. पण तिला एका दमात "सीपीयूचं तापमान सांग" असं विचारता येत नाही. आधी एका पोर्टवर (चिपशी बोलायच्या दारावर) रजिस्टरचा, म्हणजे चिपमधल्या माहितीच्या कप्प्याचा, क्रमांक लिहायचा, मग शेजारच्या पोर्टवरून उत्तर उचलायचं. बऱ्याच बोर्डांवर ही जोडी हेक्समध्ये (सोळावर आधारलेल्या मोजणीत) २९५ आणि २९६ अशी असते. त्यातही रजिस्टरं वेगवेगळ्या बँकांमध्ये, म्हणजे गटांमध्ये, वाटलेली असतात, म्हणजे त्याआधी बँकही निवडावी लागते. जुन्या विनबाँड चिपमध्ये ५० क्रमांकाचं रजिस्टर पहिल्या बँकेत एक तापमान देतं आणि दुसऱ्या बँकेत दुसरंच.

सरकारी कचेरीतली खिडकी डोळ्यांसमोर आणा. तुम्ही चिठ्ठीवर फाइलचा नंबर लिहून आत सरकवता आणि हात पुढे करून थांबता. तेवढ्यात मागचा माणूस तुमच्या चिठ्ठीवर आपली चिठ्ठी ठेवतो. तुमच्या हातात त्याची फाइल पडते, आणि फाइलवर नाव नसतं, नुसता आकडा असतो. तुम्ही मागितलं होतं तापमान, मिळाला पंख्याचा वेग किंवा एखादं व्होल्टेज. तुमचा प्रोग्राम तो आकडा तापमान समजून पुढे जातो.

हे वाचण्यापुरतं झालं. तोच गोंधळ लिहिताना झाला, तर पंख्याला द्यायचा वेग भलत्याच रजिस्टरमध्ये जाऊन बसतो. त्याचे परिणाम फार वाईट.

अशी गाठ रोज पडत नाही. दोन प्रोग्राम दर दोन सेकंदांनी विचारत असले तरी त्यांची वेळ नेमकी जुळायला लागते, म्हणून मशीन दोन दिवस नीट चालतं आणि तिसऱ्या दिवशी एका तासात दोनदा बंद पडतं. या अनियमितपणामुळेच लोक पॉवर सप्लायवर संशय घेतात.

चुकीचा आकडा आला तर आला. त्यावरून मशीन बंद करायचं कोण ठरवतं?

चार जण ठरवू शकतात आणि चौघांची कारणं वेगळी असतात.

पहिला स्वतः प्रोसेसर. त्याच्या आत डिजिटल सेन्सर असतात आणि मर्यादा गाठली की तो स्वतःचा वेग कमी करतो. इंटेलच्या पुष्कळ डेस्कटॉप प्रोसेसरांत ही मर्यादा १०० अंशांच्या आसपास आहे, रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांत ९५. तरीही तापमान चढतच राहिलं तर थर्मट्रिप नावाचा सिग्नल थेट वीज तोडतो. यात विंडोज नाही, प्रोग्राम नाही, कुणाची परवानगी नाही. हा निर्णय खोट्या आकड्यावर होत नाही, कारण प्रोसेसर बाहेरच्या कुणाला विचारतच नाही.

दुसरी विंडोज. बायोसमध्ये (बोर्डावरच असलेला, मशीन सुरू करणारा प्रोग्राम) एसीपीआयचा, म्हणजे वीज आणि तापमानाबद्दल विंडोजशी बोलणारा, कोड असतो. तो बोर्डाचं किंवा लॅपटॉपच्या एम्बेडेड कंट्रोलरचं तापमान वाचून विंडोजला देतो. सोबत धोक्याची मर्यादाही सांगतो. हा कोड त्याच चिपशी, त्याच पोर्टवरून बोलतो. तुमच्या मॉनिटरने (म्हणजे तापमान बघणाऱ्या प्रोग्रामने, स्क्रीनने नव्हे) मधेच चिठ्ठी सरकवली तर एसीपीआयच्या हाती भलता आकडा जातो आणि विंडोज घाईने मशीन बंद करते.

तिसरा तुम्हीच टाकलेला प्रोग्राम. कोअर टेम्प, आयडा६४ यांत ठरावीक तापमानाला मशीन बंद करायची सोय आहे, आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये अलार्म वाजला की एखादा प्रोग्राम चालवता येतो. सोय चांगली आहे. मर्यादा चुकीच्या सेन्सरवर लावली की ती उलटते.

चौथ्यात आकडा खोटा नसतो, परिणाम खरा असतो. दोन प्रोग्रामांच्या ओढाताणीत पंखा थांबतो किंवा मंद गतीवर अडकतो, मशीन खरोखर तापतं, आणि मग पहिला किंवा दुसरा त्याला बंद करतो. या प्रकाराला घाबरा.

बंद कुणी केलं, हे कसं कळेल?

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टम लॉग उघडा आणि बंद पडण्याच्या वेळेच्या आगेमागे बघा. किती तापलं होतं याचा विचार नंतर. आधी बंद करणारा सापडला पाहिजे.

१०७४ क्रमांकाची नोंद दिसली तर कुठल्यातरी प्रोग्रामने रीतसर मशीन बंद करायला सांगितलंय. नोंदीत त्या प्रोग्रामचं नाव असतं. तिथे विंडोजचीच शटडाऊनची फाइल दिसली, तर तिला कुणी बोलावलं ते शोधायचं. अशा वेळी तिसऱ्या प्रकारचा संशय पक्का.

कर्नल-पॉवरची ८६ क्रमांकाची नोंद म्हणजे तापमान धोक्याच्या पातळीवर गेलं म्हणून विंडोजने मशीन बंद केलं. त्यात थर्मल झोनचं, म्हणजे एसीपीआयने विंडोजला दाखवलेल्या तापमानाच्या जागेचं, नाव असतं आणि मर्यादा केल्व्हिनमध्ये. ३७३ केल्व्हिन म्हणजे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास, २७३ वजा करून बघा. आणखी एक नोंद फार उपयोगी आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही: क्रमांक १२५. मशीन सुरू होताना विंडोजला कोणते थर्मल झोन सापडले आणि त्यांच्या मर्यादा काय, हे ती सांगते. तुमच्या मशीनवर विंडोज तापमानाकडे बघते की नाही, हे इथेच कळून जातं.

फक्त ४१ आणि ६००८ असतील तर मशीन रीतसर बंद न होता अचानक गेलं एवढंच कळतं. या नोंदी पुढच्या वेळी मशीन सुरू झाल्यावर लिहिल्या जातात, त्यांच्याकडे कारण नसतं. ४१ च्या तपशिलात बगचेक कोड शून्य असेल तर निळा स्क्रीनही बहुधा आलेला नाही. तिथेच पॉवर बटणाची वेळ शून्याऐवजी काही दुसरी दिसली तर कुणीतरी बटण दाबून धरलं होतं. घरात लहान मुलं असतील तर हेही तपासा.

नुसतं ४१ आलं आणि मशीन लगेच आपोआप पुन्हा सुरू झालं, तर मी आधी पॉवर सप्लाय आणि वायरिंगकडे जातो. बंदच राहिलं, आणि सुरू करताच बायोसने तापमानाची चूक दाखवली, तर थर्मट्रिप.

एखादं उदाहरण?

मे महिना, लग्नसराई. एका फोटो स्टुडिओचं मशीन आलं. दिवसातून दोनदा बंद पडायचं, कधी रेंडर करताना, कधी नुसता ब्राउझर उघडा असताना. माझ्याकडे येईपर्यंत त्यांनी नवा कूलर बसवला होता, पॉवर सप्लाय बदलला होता, थर्मल पेस्ट दोनदा लावून झाली होती. माणूस रडकुंडीला आला होता, कारण लग्नाचा व्हिडिओ ज्यांना द्यायचा ते रोज दारात उभे.

मी दोन सेकंदांच्या अंतराने लॉग लावला आणि मशीन चालू ठेवून दुसरी कामं करत बसलो. दुपारी साडेतीनच्या सुमारास बंद पडलं. फाइल उघडली. बोर्डाच्या सेन्सरचा स्तंभ असा होता: ४८, ४८, ४९, ४८, १२७. पुढे काही नाही. त्याच शेवटच्या ओळीत प्रोसेसरचे सगळे कोअर ६६ ते ७१ च्या मधे. पंख्याचा वेगही आधीच्या ओळीइतकाच. म्हणजे बोर्ड दोन सेकंदांत ७९ अंश तापला आणि पंख्याला, प्रोसेसरला त्याचा पत्ताच नाही.

विंडोजच्या सिस्टम लॉगमध्ये १०७४ होतं. मशीनवर तीन मॉनिटर होते. त्यातल्या एकावर कुणीतरी "कुठलाही सेन्सर ९५ च्या वर गेला की बंद" असं लावून ठेवलेलं, तेही पहिल्याच वाचनावर, थांबा न देता. दोन प्रोग्राम काढले, तिसऱ्यावरची ती अट काढली. मशीन परत गेलं. कूलर आणि पॉवर सप्लायवर गेलेले पैसे मात्र गेलेच, आणि ते मला अजून टोचतं. कारण हे सगळं पहिल्या दिवशी दहा मिनिटांत कळलं असतं.

१२७, २५५, उणे १२८ असे आकडे दिसतात. मशीन जळतंय का?

नाही. जळत असतं तर ते वाचायला स्क्रीन चालू राहिला नसता.

हे बहुतेक वेळा चिपच्या आठ बिटांचे काठ असतात. आठ बिटांत चिन्हासकट मावणारा सगळ्यात मोठा आकडा १२७, सगळ्यात लहान उणे १२८. बिनचिन्हाचा सगळ्यात मोठा २५५. चिपला सेन्सरच्या आठ-दहा जागा असतात आणि बोर्ड बनवणारा त्यातल्या काहींना काहीच जोडत नाही. अशा मोकळ्या जागेचा आकडा भटकत राहतो. ऑक्स नावाच्या ओळीत नेहमी १०० च्या वर काही दिसत असेल तर ती बहुधा अशी मोकळी जागा. ती ओळ लपवून टाका.

उलटही होतं. एसीपीआय झोन कायम २७.८ किंवा १६.८ दाखवतो, मशीन कितीही तापलं तरी हलत नाही. तो बायोसमध्ये कायमचा लिहून ठेवलेला आकडा असतो: ३०१ आणि २९० केल्व्हिन. त्यावर निर्धास्त राहू नका.

आकडा खरा की खोटा, पटकन कसं ओळखायचं?

प्रोसेसरचा कोअर एका सेकंदात वीस-तीस अंश चढू शकतो, यात खोटं काही नाही. जड काम सुरू झालं की सिलिकॉनचा तेवढा ठिपका झटकन तापतो. बोर्ड, हार्ड डिस्क, पाण्याच्या कूलरमधलं पाणी मात्र असं उडी मारत नाही, त्यांना मिनिटं लागतात. म्हणून कुठल्या सेन्सरने उडी मारली ते आधी बघा. मग शेजारचे सेन्सर बघा. खरी उष्णता एकटी येत नाही. ती पंख्याच्या आवाजात, मागून येणाऱ्या हवेत, प्रोसेसरच्या कमी झालेल्या क्लॉकमध्ये (वेगात) कुठेतरी दिसतेच.

माझा पहिल्या पिढीचा रायझन नेहमीच २० अंश जास्त दाखवतो. हाही प्रोग्रामांचा संघर्ष का?

नाही, हे कंपनीने मुद्दाम ठेवलेलं. २०१७ च्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्समध्ये टीसीटीएल नावाचा आकडा खऱ्या तापमानापेक्षा २० अंश वर असतो, २७००एक्समध्ये १० अंश. पंख्यांचं नियंत्रण सगळीकडे सारखं राहावं म्हणून तसं केलं होतं. जुना प्रोग्राम हा फरक वजा करत नाही. त्याच्यावर ८५ ला बंद अशी अट लावली, तर खऱ्या ६५ ला मशीन बंद होईल. अशी मशीनं अजून पुष्कळ वापरात आहेत, म्हणून हे लक्षात ठेवा.

कोणते प्रोग्राम एकमेकांना सांभाळून घेतात?

यावर जुना तोडगा आहे. विंडोजमध्ये म्युटेक्स नावाचं कुलूप असतं. चिपशी बोलण्याआधी प्रोग्राम कुलूप घेतो, काम झालं की सोडतो, तोवर बाकीचे थांबतात. एचडब्ल्यूइन्फो, आयडा६४, एचडब्ल्यूमॉनिटर, स्पीडफॅन, ओपन हार्डवेअर मॉनिटर आणि त्यातून निघालेला लिब्रे हार्डवेअर मॉनिटर यांनी कुलुपांची नावं सारखी ठेवली आहेत: चिपांकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेला वेगळं, सुपर आयओच्या आयएसए बससाठी एक, एसएमबससाठी एक, पीसीआयसाठी एक. म्हणून यातले दोन सोबत चालले तरी सहसा भांडत नाहीत.

अडचण ही की हे कुलूप कुणावर बंधनकारक नाही. मदरबोर्डसोबत आणि दिव्यांच्या पट्ट्यांसोबत येणारे काही प्रोग्राम ते घेतच नाहीत. एक जरी रांग मोडणारा असला तरी बाकीच्यांच्या शिस्तीचा उपयोग होत नाही. आणि बायोसमधला एसीपीआयचा कोड तर विंडोजचं कुलूप ओळखतच नाही.

फक्त प्रोसेसरचं तापमान बघायचं असेल तर इंटेलवर धोका फार कमी. तो आकडा एमएसआरमधून, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टरमधून, एका सूचनेत येतो, मधे शिरायला जागा नाही. रायझनवर तोच आकडा पुन्हा दोन पायऱ्यांनी येतो: आधी पत्ता, मग वाचन. त्यामुळे तिथे कुलूप हवंच.

प्रोग्राम चालू असताना पंखे थांबले किंवा पूर्ण वेगाने अडकले. प्रोग्रामची चूक?

नेहमी नाही. लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कागदपत्रांत याची उघड नोंद आहे. एसुसच्या काही बायोसमधला डब्ल्यूएमआयचा, म्हणजे सेन्सरची माहिती बाहेर पुरवणारा, भाग सदोष होता. त्याला सेन्सर वारंवार विचारले की पंखे थांबणं, पूर्ण वेगावर अडकणं किंवा तापमानाचा आकडा गोठणं, असं होऊ शकायचं. प्राइम एक्स४७० प्रो बोर्डाचं नाव त्यात खास घेतलंय. जितक्या वेळा विचाराल तितका धोका जास्त, आणि भरपूर वेळ चाचणी केल्याशिवाय मशीन एकटं सोडू नका, असंही तिथे लिहिलंय. नव्या बायोसमध्ये हा भाग सुधारला.

यावरून मी दोन गोष्टी शिकलो. बोर्ड त्या काळातला असेल तर आधी बायोस अद्ययावत करायचा. आणि वाचनाचं अंतर अर्धा सेकंद ठेवायचं कारण नाही. एचडब्ल्यूइन्फोचं मूळ अंतर दोन सेकंद आहे, रोजच्या वापराला पाच सेकंदही पुरतात.

मार्च २०२५ पासून विंडोजचा डिफेंडर (अँटीव्हायरस) माझ्या पंख्याच्या प्रोग्रामला व्हायरस म्हणतोय. बंद पडण्याशी संबंध आहे?

असू शकतो. चिपशी बोलायला प्रोग्रामला कर्नलमधला ड्रायव्हर लागतो. अनेक मोफत प्रोग्राम, आणि काही विकतचेही, विनरिंगझिरो नावाचा एकच जुना ड्रायव्हर वापरत होते. त्यात २०२० साली नोंदवलेली सुरक्षेची भोकं होती: कुठलाही प्रोग्राम त्याच्या आडून मशीनचा ताबा घेऊ शकत होता. २०२५ च्या मार्चमध्ये डिफेंडर तो पकडून बाजूला काढू लागला.

धोका पुढे आहे. पंखा हाताने चालवायला घेतला की चिप शेवटचा सांगितलेला वेग धरून बसते. प्रोग्राम नीट बंद झाला तर ताबा बायोसकडे परत देतो. ड्रायव्हरच पायाखालून काढला गेला तर परत द्यायला कुणी उरत नाही. रात्री मशीन निवांत असताना पंखा ३० टक्क्यांवर होता, तर सकाळी रेंडर सुरू केल्यावरही तो ३० टक्क्यांवरच राहू शकतो.

डिफेंडर बंद करू नका आणि त्याला सूटही देऊ नका. प्रोग्रामची नवी आवृत्ती घ्या. लिब्रे हार्डवेअर मॉनिटर आणि त्याच्यावर उभे असलेले प्रोग्राम पॉनआयओ या नव्या ड्रायव्हरकडे वळले आहेत. मग मशीन पूर्ण बंद करून सुरू करा, म्हणजे पंख्याचा ताबा बायोसकडे जाईल.

पाण्याचा कूलर आहे. तिथेही हेच?

तिथे भांडण यूएसबीवर होतं. पंपाशी त्याच्या कंपनीचा प्रोग्राम बोलतो आणि मॉनिटरही त्याच पंपाला प्रश्न विचारतो. एकाचं उत्तर दुसऱ्याला जातं, आकडे उड्या मारतात, कधी पंपच दिसेनासा होतो. पंप थांबला तर प्रोसेसर पटापट मर्यादा गाठतो, कारण हवेच्या कूलरसारखा धातूचा मोठा ठोकळा उष्णता शोषायला तिथे नसतो. म्हणून पंप एकाच्याच ताब्यात द्या आणि दुसऱ्या प्रोग्राममध्ये त्या उपकरणाचं वाचन बंद करा.

लॅपटॉपवर काय वेगळं?

सुपर आयओच्या जागी एम्बेडेड कंट्रोलर. पंखा, बॅटरी, चार्जिंग, कीबोर्डची काही बटणं, सगळं एकाच चिपकडे, आणि तिच्याशी बोलायला सुपर आयओपेक्षा जास्त पायऱ्या. तिथे चुकून काही लिहिलं गेलं तर नुसता पंखा नाही, चार्जिंगही बिघडू शकतं. लॅपटॉपवर पंख्याचा वेग हाताने ठरवणारे प्रोग्राम मी कुणालाच सुचवत नाही. अपवाद लिनक्सवरचा थिंकपॅड. त्याच्या ड्रायव्हरमध्ये १२० सेकंदांपर्यंतचा पहारा लावता येतो: तेवढ्या वेळात प्रोग्रामकडून नवी सूचना आली नाही तर पंखा आपोआप कंट्रोलरकडे परत जातो. सगळीकडे असंच असायला हवं होतं.

लिनक्सवर बोर्डाचे सेन्सर दिसतच नाहीत. कर्नल "एसीपीआयशी संघर्ष" म्हणतो. ते बंधन सैल करू का?

ही चिडचिड मला समजते, पण कर्नल बरोबर आहे. २.६.३१ आवृत्तीपासून, एसीपीआयने आपली म्हणून सांगितलेल्या पोर्टवर दुसऱ्या ड्रायव्हरला जाऊ द्यायचं नाही, अशी सक्ती आली. या पानावर सांगितलेला अपघात टाळण्यासाठीच. बंधन सैल करायचा पॅरामीटर आहे आणि इंटरनेटवर तो सर्रास सुचवला जातो. घरच्या चाचणीच्या मशीनवर करून बघा हवं तर. ज्यावर कुणाचा हिशेब किंवा पेशंटचे रिपोर्ट आहेत अशा मशीनवर करू नका. बऱ्याच नव्या एसुस बोर्डांसाठी आता कर्नल एसीपीआयच्याच दारातून सेन्सर वाचतो, त्यामुळे आधी कर्नल नवा घ्या.

मशीन बंद पडलंच असेल तर मागच्या बूटचा (मशीन मागच्या वेळी चालू होतं तेव्हाचा) जर्नल, म्हणजे लिनक्सचा लॉग, शेवटापासून वाचा. तापमानामुळे कर्नलने बंद केलं असेल तर थर्मल झोनचं नाव आणि अंश तिथे लिहिलेले असतात.

यात कायमचं काही बिघडतं का?

क्वचित, पण हो. २००० च्या आसपास काही आयबीएम थिंकपॅड लॅपटॉपांत मजकूर साठवणारी एक खास ईईप्रॉम चिप होती. लिनक्सचा एलएम-सेन्सर्स हा संच सेन्सर शोधायला बसवर चाचपडायचा आणि त्या चाचपडण्याने त्या चिपमधला मजकूर बिघडायचा. नंतर लॅपटॉप सुरूच व्हायचा नाही. सेन्सर शोधताना आधी परवानगी का विचारतात, त्यामागे असे अनुभव आहेत.

आजचा धोका रॅमच्या एसपीडी चिपचा, म्हणजे रॅमची माहिती साठवणाऱ्या चिपचा. दिवे रंगवणारे प्रोग्राम त्याच एसएमबसवर लिहीत असतात. दिवे लावून झाले की तो प्रोग्राम बंद ठेवा.

खोट्या आकड्यांचा त्रास होतोय, तर तापमानाचं संरक्षणच बंद करू का?

प्रोसेसरचं संरक्षण कधीही नाही. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरने चालू मशीनवरून हीटसिंक उचलून दाखवला होता. पेंटियम ४ मंदावला पण चालत राहिला. त्या वेळचा अ‍ॅथलॉन जळून गेला. तेव्हापासूनचं हे संरक्षण सुदैवाने आपल्या हातात दिलेलंच नाही.

प्रोग्राममधली अट मात्र सुधारा. ती प्रोसेसरच्या आतल्या सेन्सरवरच लावा, बोर्डाच्या किंवा ऑक्सच्या ओळीवर नको. सलग काही वाचनं वर आली तरच कृती, असं ठेवा. जुन्या बोर्डांच्या बायोसमध्ये ६०, ६५, ७०, ७५ अंशांना बंद करण्याचा पर्याय असतो. विदर्भातल्या मेमध्ये ६० वर ठेवलेलं मशीन खरं वाचूनही बंद पडेल.

सगळे मॉनिटर काढले, तरी बंद पडतंय.

मग खऱ्या उष्णतेकडे आणि विजेकडे वळा.

खोलीची हवा दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर जातो. नागपूर, चंद्रपुरात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा डिसेंबरात ७५ वर चालणारं मशीन ९५ ला टेकतं, आणि त्यात कुणाचा दोष नसतो. बाजूचं झाकण काढून टेबल फॅन लावून बघा. त्याने बंद पडणं थांबलं तर कारण उष्णताच. खिडकीतल्या वाळ्याच्या कूलरचा झोत मात्र मशीनवर घेऊ नका, त्या हवेत पाण्याचे तुषार असतात.

धूळ ब्लोअरने काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. कूलरच्या चारही कोपऱ्यांच्या खुंट्या बसल्यात का बघा, एक निघालेली मला अनेकदा सापडते. व्होल्टेज कमीजास्त होत असेल तर मशीन दुसऱ्या घरी नेऊन एक दिवस चालवा.

मग मशीनवर नेमकं काय ठेवू?

एकच वाचणारा प्रोग्राम. पंख्यांची वक्ररेषा बायोसमध्ये लावा, म्हणजे विंडोज सुरू नसली तरी ती लागू असते. बोर्डाच्या कंपनीचा प्रोग्राम ड्रायव्हरसाठी टाकला असेल तर काम झाल्यावर काढून टाका. नुसती खिडकी बंद करून भागत नाही. त्याची सर्व्हिस मागे चालूच असते. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप आणि सर्व्हिसेस या दोन्ही ठिकाणी बघा, काढल्यावर मशीन पुन्हा सुरू करा आणि परत बघा.

दुरुस्तीला नेताना सोबत काय न्यावं?

बंद पडल्याच्या तारखा आणि वेळा, निदान तीन. प्रत्येक वेळेजवळच्या नोंदींचे क्रमांक: १०७४, ८६ की नुसतं ४१. मशीन आपोआप सुरू झालं की बंद राहिलं. टाकलेल्या सगळ्या मॉनिटर, पंखा आणि दिव्यांच्या प्रोग्रामांची नावं, काढून टाकलेले धरून. लॉग केला असेल तर ती फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि शेवटच्या दहा ओळी आधी स्वतः वाचा. आणि मशीन आणून देईपर्यंत नवीन काही टाकू नका.